हेल्मुट फॉन मोल्टके: युद्धाची पूर्वतयारी नव्याने रचणारा प्रशियन सेनापती

१८६६ मध्ये हेल्मुट फॉन मोल्टके प्रशिया या जर्मन राज्याचे सैन्य ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरवत होता, तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता आणि तोपर्यंत प्रशियाच्या सेवेत त्याने लढाईत बटालियनच काय, एखाद्या कंपनीचेही नेतृत्व केलेले नव्हते. त्याचे आयुष्य नकाशे काढण्यात, जुन्या मोहिमांचा अभ्यास करण्यात, राजपुत्रांच्या सेवेत आणि कचेरीतल्या कामात गेले होते. पुढच्या पाच वर्षांत त्याच्या योजनांनुसार लढलेल्या सैन्याने ऑस्ट्रिया आणि फ्रान्स या युरोपातील दोन बलाढ्य सत्तांचा पराभव केला, जर्मन साम्राज्य अस्तित्वात आले, आणि ज्या कचेरीचा तो प्रमुख होता त्या जनरल स्टाफचा कित्ता जपानपासून अमेरिकेपर्यंत अनेक देशांनी गिरवला.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी एक प्रश्न आधी समजून घ्यावा लागतो. लाखो माणसांचे सैन्य एका सेनापतीच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहणे शक्य नसेल, तर ते चालवायचे कसे? नेपोलियनलाही त्याच्या शेवटच्या मोठ्या मोहिमांमध्ये या प्रश्नाने हैराण केले होते. मोल्टकेच्या उत्तराचे दोन भाग होते. जे आधी ठरवता येते ते तासातासाच्या हिशोबाने आधीच ठरवून ठेवावे; जे आधी ठरवता येत नाही ते जागेवर असलेल्या अधिकाऱ्याच्या बुद्धीवर सोपवावे. हे दोन्ही भाग एकत्र पाहिले तरच मोल्टके समजतो, असे मला वाटते. नुसता पहिला भाग पाहणाऱ्याला तो वेळापत्रकाचा कारकून वाटतो, आणि नुसता दुसरा पाहणाऱ्याला नशीबवान जुगारी.

याच नावाचा आणखी एक सेनापती इतिहासात आहे. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या आरंभी जर्मन जनरल स्टाफचा प्रमुख असलेला हेल्मुट फॉन मोल्टके हा त्याचा पुतण्या. म्हणून इतिहासकार काकाला थोरला मोल्टके आणि पुतण्याला धाकटा मोल्टके म्हणतात. हा लेख थोरल्याविषयी आहे. धाकटा शेवटी थोडा वेळ येईल.

नावाला सरदार, खिशात काही नाही

मोल्टकेचा जन्म २६ ऑक्टोबर १८०० रोजी उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रदेशातल्या पार्खिम या लहान गावी झाला. त्या काळी जर्मनी हा एक देश नव्हता. राजे, ड्यूक आणि स्वतंत्र शहरे यांच्या ताब्यातील अनेक राज्यांचा तो समूह होता. मोल्टकेचे घराणे मेक्लेनबुर्गमधील जुन्या सरदार घराण्यांपैकी एक होते, पण हेल्मुटच्या वडिलांच्या वाट्याला घराण्याचे नाव आले, संपत्ती आली नाही. ते डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालील होल्श्टाइनमध्ये स्थायिक झाले. १८०६ मध्ये नेपोलियनच्या सैनिकांनी ल्यूबेक शहर लुटले, त्यात या कुटुंबाचे तिथले घरही लुटले गेले. पुढे हेल्मुट आणि त्याचा भाऊ यांना कोपनहेगनच्या शाही सैनिकी शाळेत धाडण्यात आले. गरीब सरदाराच्या मुलाला फुकटात शिक्षण आणि प्रतिष्ठित नोकरी मिळण्याचा हाच एक मार्ग होता. शाळेतली शिस्त कठोर होती, आपुलकी मुळीच नव्हती, आणि आपले बालपण आनंदाविना गेले ही खंत त्याने पुढे पत्रांतून बोलून दाखवली.

तिथून तो डॅनिश सैन्यात अधिकारी झाला, परंतु लहान देशाच्या लहान सैन्यात बढतीची संधी थोडी होती. बर्लिनची एक भेट त्याला पुरेशी झाली आणि १८२२ मध्ये त्याने प्रशियाच्या सैन्यात प्रवेश केला. यासाठी त्याला पुन्हा सर्वांत खालच्या पायरीवरून, सेकंड लेफ्टनंट म्हणून, सुरुवात करावी लागली. पुढच्याच वर्षी तो बर्लिनच्या युद्धशाळेत दाखल झाला. युद्ध हे राजकारणाचेच पुढचे रूप आहे, हा विचार मांडणारा कार्ल फॉन क्लाउझेवित्झ तेव्हा त्या संस्थेचा संचालक होता. त्याच्याकडे केवळ कारभार होता, शिकवणे नव्हते. मोल्टकेवर वर्गातून अधिक परिणाम झाला तो भूगोलाच्या कार्ल रिटर या प्राध्यापकाचा. भूमी पाहायची, ती मोजायची आणि तिच्यामुळे माणसांच्या हालचाली कशा ठरतात हे शोधायचे, ही सवय त्याला तिथे लागली आणि ती आयुष्यभर टिकली.

पगार तुटपुंजा असल्यामुळे तो लेखनातून पैसे मिळवू पाहत होता. त्याने एक कथा लिहिली, बेल्जियम व पोलंडविषयी माहितीपर पुस्तिका लिहिल्या, आणि घोडा विकत घेण्याइतके पैसे जमावेत म्हणून गिबनच्या रोमन साम्राज्याच्या प्रचंड इतिहासाचे जर्मन भाषांतर करण्याचा करार केला. दीड वर्षात त्याने नऊ खंड पुरे केले, पण प्रकाशकाने पुस्तक काढलेच नाही आणि ठरलेल्या रकमेचा एक तृतीयांश भागच त्याच्या हाती आला. जनरल स्टाफमध्ये जाणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःचे घोडे बाळगावे लागत, म्हणून हा उद्योग. तरीही या काळातल्या लेखनाने त्याला एक गोष्ट दिली: स्वच्छ, मोजकी, दुसरा अर्थ निघणार नाही अशी वाक्ये लिहिण्याची शक्ती. पुढे त्याचे लष्करी आदेश याच गुणासाठी नावाजले गेले.

तुर्कस्तानातली चार वर्षे

१८३५ मध्ये तो रजा घेऊन आग्नेय युरोपच्या प्रवासाला निघाला आणि कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला. ऑटोमन सुलतान दुसरा महमूद आपल्या सैन्याची युरोपीय धर्तीवर पुनर्रचना करत होता. त्याने या प्रशियन कप्तानाला ठेवून घेतले. मोल्टके तुर्की भाषा शिकला, त्याने कॉन्स्टँटिनोपल व बॉस्फरस यांची मोजणी करून नकाशे तयार केले, आणि १८३८ मध्ये त्याला अनातोलियात हाफिझ पाशाचा सल्लागार म्हणून पाठवण्यात आले. तिथे त्याने शेकडो मैलांची घोड्यावरून पाहणी केली आणि फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यावरून युफ्रेटिस नदीचे धोक्याचे प्रवाह पार केले. कुर्दांविरुद्धच्या मोहिमेतही तो सोबत होता आणि तिच्यातले क्रौर्य त्याने डोळ्यांनी पाहिले.

हाफिझ पाशासमोर इजिप्तचा सुभेदार मुहम्मद अली याचे सैन्य होते, आणि त्याचे नेतृत्व मुहम्मद अलीचा मुलगा इब्राहिम पाशा करत होता. जून १८३९ मध्ये निझिप येथे शत्रू बगलेवर सरकत असल्याचे मोल्टकेने पाहिले आणि मागच्या भक्कम ठाण्यावर माघार घ्यावी असा सल्ला त्याने दिला. माघार घेणे लाजिरवाणे आहे असे सांगणाऱ्या धर्मगुरूंचे पाशाने ऐकले. २४ जूनला लढाई झाली, तोफखान्याची व्यवस्था मोल्टकेकडे होती, आणि काही तासांतच तुर्की सैन्य उधळले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत सुलतानाचे निधन झाले व मोल्टके वर्षअखेरीस बर्लिनला परतला. १८६४ पूर्वी त्याने प्रत्यक्ष पाहिलेली ही एकमेव मोठी लढाई, आणि ती पराभवाची.

परतल्यावर त्याने आपल्या सावत्र भाचीशी, मेरी बर्ट या इंग्रज तरुणीशी १८४२ मध्ये विवाह केला. ती सोळा वर्षांची, तो एक्केचाळीसचा. त्यांना मूल झाले नाही, पण त्याची तिला लिहिलेली पत्रे वाचली की अबोल म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाचे मन कुठे मोकळे होत होते हे कळते.

याच सुमारास तो हॅम्बुर्ग ते बर्लिन या नव्या रेल्वेमार्गाच्या संचालक मंडळावर गेला, तुर्कस्तानात साठवलेले पैसेही त्याने त्यात गुंतवले, आणि रेल्वेचा मार्ग निवडताना चढ, वळणे व खर्च यांचा विचार कसा करावा यावर १८४३ मध्ये लेख लिहिला. जर्मनीत रेल्वे सुरू होऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. बहुतेक सेनापती तिच्याकडे प्रवाशांची सोय म्हणून पाहत होते. मोल्टकेने तिचा हिशोब आतून शिकून घेतला.

जनरल स्टाफ म्हणजे नेमके काय

पुढची वर्षे झटपट सांगता येतील. रोममध्ये प्रशियाच्या एका आजारी राजपुत्राचा सहायक, मग माग्देबुर्गला एका सैन्यदलाचा स्टाफप्रमुख, मग भावी सम्राट असलेल्या फ्रेडरिक विल्हेल्म या राजपुत्राचा सहायक म्हणून लंडन, पॅरिस आणि रशियाचे दौरे. ऑक्टोबर १८५७ मध्ये त्याची प्रशियाच्या जनरल स्टाफच्या प्रमुखपदी आधी हंगामी नेमणूक झाली व पुढच्या वर्षी ती कायम झाली. त्या काळी हे पद फारसे मानाचे समजले जात नव्हते.

सेनापती निर्णय घेतो, पण त्या निर्णयासाठी पुष्कळ माहिती लागते: शत्रू किती, कुठे, रस्ते कोणते, पूल किती वजन पेलतील, धान्य, चारा, दारूगोळा कुठून येणार, कोणती तुकडी कोणत्या दिवशी कुठे पोहोचेल. हे सारे गोळा करून त्यावरून योजना व आदेश तयार करणारी प्रशिक्षित अधिकाऱ्यांची शाखा म्हणजे जनरल स्टाफ. १८०६ मध्ये नेपोलियनने येना येथे प्रशियाचा दारुण पराभव केल्यावर शार्नहोर्स्ट आणि ग्नाइझेनाउ या सुधारकांनी तिला नवे रूप दिले. राजघराण्यातले किंवा मोठ्या कुळातले पुरुष सेनापती होत; त्यांची योग्यता जन्माने हमखास ठरत नाही हे उघड होते; म्हणून प्रत्येक मोठ्या सेनापतीच्या शेजारी परीक्षेतून निवडलेला, युद्धशाळेत शिकलेला स्टाफप्रमुख बसवायचा आणि निर्णयात त्याला सहभाग द्यायचा. सरदारशाही न मोडता तिच्यात गुणवत्ता कशी घुसवावी, याचे हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. मोल्टके स्वतः सरदार असला तरी त्याला वर चढवले ते या दुसऱ्या वाटेने.

मोल्टकेने या यंत्रणेला शिस्त लावली. अधिकारी नकाशावर युद्धाचे खेळ खेळत, प्रत्यक्ष भूमीवर जाऊन काल्पनिक मोहिमांचे प्रश्न सोडवत, जुन्या लढायांचा अभ्यास करत आणि काही वर्षांनी पुन्हा पलटणीत जाऊन काम करत, म्हणजे कागद आणि चिखल यांच्यातले अंतर वाढत नसे. १८५९ मध्ये प्रशियाने सैन्याची जमवाजमव केली तेव्हा रेल्वे वाहतुकीतले अनेक दोष उघडे पडले. त्यानंतर कोणती पलटण कोणत्या स्थानकावर, कोणत्या गाडीत, किती वाजता चढणार याचे तक्ते शांततेच्या काळातच तयार होऊ लागले. युद्धमंत्री आल्ब्रेख्ट फॉन रोन याने याच काळात सक्तीची सैनिकी सेवा व राखीव दले यांची पुनर्रचना करून सैन्याची संख्या वाढवली. मोल्टकेचे यश रोनच्या या कामावर उभे होते, आणि त्याचे श्रेय रोनला पुरेसे मिळत नाही.

१८६४ चे डेन्मार्कविरुद्धचे युद्ध ही पहिली कसोटी. डॅनिश सैन्याची माघारीची वाट तोडावी अशी मोल्टकेची योजना होती, पण वृद्ध सेनापती व्रांगेल याच्या हाताखाली ती नीट अमलात आली नाही आणि डॅनिश सैन्य फेब्रुवारीत निसटले. एप्रिलअखेर मोल्टकेला प्रत्यक्ष आघाडीवर स्टाफप्रमुख म्हणून पाठवण्यात आले. जूनमध्ये प्रशियन सैन्याने खाडी ओलांडून आल्सन बेट घेतले आणि युद्ध आटोपले. ज्या देशाच्या सैन्यात त्याने नोकरी सुरू केली होती त्याच्याविरुद्धच हा विजय होता. त्यानंतर राजा विल्हेल्म त्याचे ऐकू लागला.

अलग चाला, एकत्र लढा

१८६६ मध्ये जर्मन राज्यांचे नेतृत्व प्रशियाने करायचे की ऑस्ट्रियाने, या प्रश्नावर युद्ध पेटले. राजा युद्धाला बिचकत होता, त्यामुळे प्रशियाची जमवाजमव उशिरा सुरू झाली. गेलेला वेळ भरून काढायचा तर उपलब्ध असलेले पाचही रेल्वेमार्ग एकाच वेळी वापरावे लागणार होते. आणि पाच मार्ग वापरायचे तर सैन्य पाच वेगवेगळ्या ठिकाणी उतरणार होते. मोल्टकेने हे स्वीकारले. एकवीस दिवसांत सुमारे १,९७,००० माणसे आणि ५५,००० घोडे रेल्वेने सरहद्दीवर पोहोचले, पण ते सुमारे साडेचारशे किलोमीटर लांबीच्या कमानीवर विखुरलेले होते. ऑस्ट्रियाकडे उत्तरेला येणारा एकच मुख्य मार्ग होता.

युद्धशास्त्राचे जुने जाणकार यावर हबकले. सैन्य आधी एकत्र करावे, मग शत्रूवर चालून जावे, असे शास्त्र होते. विखुरलेल्या तुकड्यांना शत्रू एकेक करून गाठू शकतो. मोल्टकेचा युक्तिवाद रस्त्यांच्या गणितावर होता. सुमारे तीस हजार सैनिकांचे एक दल आपल्या तोफा व गाड्यांसह एका रस्त्यावरून चालू लागले, तर त्याची रांगच जवळजवळ एका दिवसाच्या चालीइतकी लांब होते. पुढची तुकडी लढाईला भिडते तेव्हा शेवटची मुक्कामावरून नुकती निघत असते. दोन-तीन लाख माणसे एका जागी साचवली, तर त्यांना ना पुरेसे अन्न मिळते, ना हलायला रस्ते मिळतात. असे सैन्य फक्त लढू शकते. म्हणून सैन्याने अनेक वाटांनी चालावे आणि लढाईच्या दिवशी, लढाईच्या मैदानावरच एकत्र यावे. तसे झाले की वेगवेगळ्या दिशांनी आलेली सैन्ये आपोआप शत्रूच्या बगलेवर आणि पिछाडीवर येतात.

२ जूनला राजाने हुकूम काढला की जनरल स्टाफचा प्रमुख यापुढे सैन्याला थेट आदेश देऊ शकेल. अनेक सेनाधिकाऱ्यांना हा माणूस माहीतही नव्हता. एका डिव्हिजनच्या प्रमुखाने त्याचा आदेश हातात आल्यावर, सगळे ठीक आहे, पण हा जनरल मोल्टके कोण, असे विचारल्याचे सांगतात.

निर्णायक लढाई ३ जुलैला बोहेमियात क्योनिगग्रेत्स येथे झाली; सादोवाची लढाई म्हणूनही ती ओळखली जाते. आदल्या रात्री उशिरा मोल्टकेला कळले की ऑस्ट्रियन सेनापती बेनेडेक याचे सैन्य एल्ब नदीच्या अलीकडे उभे आहे. प्रशियाच्या विखुरलेल्या सैन्यांपैकी राजपुत्र फ्रेडरिक विल्हेल्मचे ‘दुसरे सैन्य’ तेव्हा बरेच दूर होते आणि त्याच्याशी तारेचा संपर्क नव्हता. मध्यरात्री स्वतंत्र स्वारांच्या हाती, वेगवेगळ्या वाटांनी, एकाच आदेशाच्या प्रती रवाना झाल्या आणि पहाटे त्या राजपुत्रापर्यंत पोहोचल्या. सकाळी पावसात लढाई सुरू झाली. प्रशियाचे ‘पहिले सैन्य’ ऑस्ट्रियाच्या उत्कृष्ट तोफखान्यापुढे अडकून पडले, दुपारपर्यंत राजाच्या चेहऱ्यावर चिंता होती, पण मोल्टकेने राजाला सांगितले की महाराजांनी आज केवळ लढाई नव्हे, मोहीमच जिंकली आहे. दुपारी राजपुत्राचे सैन्य उजव्या बगलेवर कोसळले आणि ऑस्ट्रियन फळी मोडली. दोन्ही बाजू मिळून चार लाखांहून अधिक सैनिक त्या मैदानावर होते. ऑस्ट्रिया व तिच्या मित्रांची हानी कैद्यांसह सुमारे ४४,००० होती, प्रशियाची सुमारे ९,०००.

या विजयात ड्रायझेच्या बंदुकीचा वाटा मोठा होता. ती मागच्या बाजूने भरता येत असल्यामुळे प्रशियन सैनिक जमिनीवर पडून झटपट गोळ्या झाडत असे, तर ऑस्ट्रियन सैनिकाला ठासणीची बंदूक उभे राहून भरावी लागत असे. आणखी एक श्रेय प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याचे. राजाला व्हिएन्नावर चालून जायचे होते. बिस्मार्कने त्याला रोखले, ऑस्ट्रियाचा मुलूख घेतला नाही आणि जुलैअखेर तहाची बोलणी पुरी केली. युद्ध सात आठवड्यांत संपले ते यामुळेच. मोल्टकेला बक्षीस म्हणून मिळालेल्या रकमेतून त्याने सायलेशियात क्रायझाऊ येथे जहागीर विकत घेतली. त्याची पत्नी १८६८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी वारली. तिच्यासाठी त्याने तिथेच समाधीमंदिर बांधले.

फ्रान्स: विजय आणि विजयाची मर्यादा

जुलै १८७० मध्ये फ्रान्सने युद्ध पुकारले तेव्हा मोल्टकेची तयारी पूर्ण होती. अठरा दिवसांत सुमारे ४ लाख ६० हजार सैनिक रेल्वेने फ्रेंच सरहद्दीवर पोहोचले. फ्रान्सकडे रेल्वे चांगली होती, पण जमवाजमवीची पद्धत गोंधळाची होती. राखीव सैनिकाने आधी आपल्या पलटणीच्या मुख्य ठाण्यावर जाऊन गणवेश व शस्त्र घ्यायचे आणि मग जिथे पलटण असेल तिथे जायचे. काहींना त्यासाठी अल्जीरियापर्यंत जाऊन परत यावे लागले. एका फ्रेंच सेनाधिकाऱ्याने बेलफोर्टहून तार केली की माझी ब्रिगेड सापडत नाही, माझे वरिष्ठ सापडत नाहीत, आता काय करू? फ्रेंच सैनिकाची शासपो बंदूक प्रशियन बंदुकीपेक्षा सरस होती, मात्र प्रशियाकडच्या क्रुप कारखान्याच्या पोलादी तोफांपुढे फ्रेंच तोफा कमी पडल्या.

याच युद्धाने मोल्टकेच्या पद्धतीची कमजोर बाजूही दाखवली. त्याने अधिकाऱ्यांना लिहिलेल्या सूचनांचे सूत्र असे होते की हाताखालच्या अधिकाऱ्याला स्वतः ठरवता येणार नाही तेवढेच आदेशात लिहावे. उद्दिष्ट सांगावे, मार्ग त्याच्यावर सोडावा. शत्रूच्या मुख्य सैन्याशी पहिली गाठ पडल्यानंतर कोणतीही योजना खात्रीने टिकत नाही, असे तो मानत असे. परंतु स्वातंत्र्य दिले की त्याचा गैरवापरही होतो. पहिल्या सैन्याचा हट्टी सेनापती श्टाइनमेट्स याने योजना बाजूला सारून ऑगस्टच्या आरंभी भलत्याच दिशेने मुसंडी मारली. १८ ऑगस्टला ग्राव्हलॉत आणि सें प्रिव्हा येथे त्याने माणसे खोल घळीतून तटबंद शत्रूवर पुन्हा पुन्हा लोटली. दुसऱ्या टोकाला प्रशियाच्या राजरक्षक दलाने उघड्या उतारावरून हल्ला करून थोड्या वेळात सुमारे आठ हजार माणसे गमावली. त्या एका दिवसात जर्मनांची हानी सुमारे वीस हजार झाली, फ्रेंचांपेक्षा बरीच जास्त. संध्याकाळी आणखी एका दलाला त्या घळीत पुढे सरकू देण्यात आले. जागेवर हजर असलेल्या स्टाफप्रमुखाने इतक्या उशिरा ती चाल होऊ द्यायला नको होती, असे मोल्टकेने पुढे आपल्या इतिहासात लिहिले. तो स्टाफप्रमुख तो स्वतः होता.

तरीही फ्रेंच सेनापती बाझेन मेत्झच्या किल्ल्यात कोंडला गेला. त्याला सोडवायला दुसरा फ्रेंच सेनापती मॅकमहॉन याचे सैन्य बेल्जियमच्या सरहद्दीजवळून निघाले आहे, असे वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरूनही दिसू लागले. शत्रू इतकी धोक्याची वाट धरेल यावर मोल्टकेचा आधी विश्वास बसेना. खात्री पटत गेली तशी त्याने २५ ऑगस्टपासून पॅरिसच्या दिशेने चाललेली दोन सैन्ये उजवीकडे, उत्तरेला वळवली. लाखो माणसांची, त्यांच्या गाड्यांची आणि रसदेची दिशा वाटेत बदलणे हे नुसत्या तक्त्यांचे काम नव्हे. तिथे वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने विचार करायला शिकलेले स्टाफ अधिकारी कामी आले. १ सप्टेंबरला सेदाँ येथे फ्रेंच सैन्य चारी बाजूंनी वेढले गेले. त्या रात्री फ्रेंच सेनापती विंफेन सवलती मागायला आला, तेव्हा मोल्टकेने त्याला उरलेली माणसे, दारूगोळा आणि अन्न यांचा हिशोब ऐकवला आणि संपूर्ण सैन्याने कैद पत्करावी यावर तो अढळ राहिला. दुसऱ्या दिवशी सम्राट तिसऱ्या नेपोलियनसह सुमारे ८३,००० सैनिक शरण आले.

युद्ध इथे संपायला हवे होते, पण संपले नाही. पॅरिसमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले आणि नव्या सरकारने लोकांमधून नवी सैन्ये उभारली. पॅरिसला वेढा पडला, गावोगावी अनियमित लढवय्ये जर्मन वाहतुकीवर हल्ले करू लागले, आणि जर्मनांनी बदल्यादाखल गावे जाळण्यापर्यंत मजल मारली. आता मोल्टके आणि बिस्मार्क यांच्यात कडाक्याचा वाद झाला. इतर सत्ता मध्ये पडण्यापूर्वी तह करण्याची बिस्मार्कला घाई होती, त्यासाठी पॅरिसवर तोफा डागाव्यात असे तो म्हणत होता. मोल्टकेला उपासमारीने शहर झुकवायचे होते आणि फ्रान्सची लढण्याची ताकदच संपवायची होती. लष्करी बैठकांना बिस्मार्कला बोलावले जात नसे. युद्ध सुरू होताच राजकारणाने बाजूला व्हावे आणि शेवटी परत यावे, ही मोल्टकेची भूमिका होती. माझ्या मते ही त्याच्या विचारातली सर्वांत मोठी चूक आहे. १८६६ चा झटपट विजय बिस्मार्कच्या संयमाने शक्य केला होता, हे त्याने पाहिलेले होते. जानेवारी १८७१ च्या अखेरीस राजाने, जो आता जर्मन सम्राट झाला होता, बिस्मार्कच्या बाजूने निर्णय दिला आणि २८ जानेवारीला शस्त्रसंधी झाली. पुढे तहात मेत्झ जर्मनीकडे राहावे असा आग्रह लष्कराने धरला, त्यात मोल्टके पुढे होता. किल्ला संरक्षणासाठी उपयोगी होता, पण अल्सास-लॉरेन या फ्रेंच सरहद्दीवरच्या प्रदेशाबरोबर तो गेल्यामुळे फ्रान्सशी कायमचे वैर जोडले गेले.

वृद्ध सेनापतीची भीती

मोल्टके काउंट झाला, फील्ड मार्शल झाला, आणि १८८८ पर्यंत त्याच पदावर राहिला. १८८३ मध्ये जनरल स्टाफच्या प्रमुखाला युद्धमंत्र्याला न विचारता थेट सम्राटाला भेटण्याचा अधिकार मिळाला. ही कचेरी संसदेच्या आणि मंत्र्यांच्या हाताबाहेर गेली ती अशी.

त्याची स्वतःची मते सरळ रेषेत मावत नाहीत. चिरंतन शांतता हे स्वप्न आहे आणि ते सुंदरही नाही, असे त्याने १८८० मध्ये एका कायदेपंडिताला लिहिले. १८८७ च्या सुमारास रशियाविरुद्ध आपणच आधी हल्ला करावा असेही तो म्हणत होता. मात्र योजना आखताना तो फ्रान्स आणि रशिया यांच्याशी एकाच वेळी लढावे लागेल हे गृहीत धरत असे, आणि त्यात निर्णायक विजयाची आशा त्याने सोडली होती. पश्चिमेला बचाव करावा, पूर्वेला मर्यादित चढाई करावी आणि बाकीचे मुत्सद्द्यांवर सोपवावे, अशी त्याची अखेरची रूपरेषा होती. १४ मे १८९० रोजी राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, त्याने सांगितले की राजदरबारांनी ठरवलेल्या छोट्या युद्धांचा काळ गेला, आता युद्ध होईल ते राष्ट्रांचे होईल, ते सात वर्षे चालेल की तीस वर्षे हे कोणी सांगू शकत नाही, आणि युरोपला आग लावणाऱ्याचा धिक्कार असो. मार्च १८९१ मधले त्याचे शेवटचे मोठे भाषण मात्र घड्याळावर होते: निरनिराळ्या स्थानिक वेळांमुळे रेल्वेची आणि जमवाजमवीची अडचण होते, म्हणून साऱ्या जर्मनीसाठी एकच वेळ असावी. १ एप्रिल १८९३ पासून तसा कायदा लागू झाला. तो पाहायला मोल्टके नव्हता. २४ एप्रिल १८९१ रोजी बर्लिनमध्ये त्याचे निधन झाले. त्याचा आवाज मात्र उरला आहे. ऑक्टोबर १८८९ मध्ये एडिसनच्या एका सहकाऱ्याने क्रायझाऊला त्याचे ध्वनिमुद्रण केले. क्रायझाऊ आज पोलंडमध्ये आहे, आणि त्याच वाड्याच्या परिसरात त्याच्या भावाच्या वंशातला हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके याने हिटलरच्या विरोधकांना एकत्र आणले. जानेवारी १९४५ मध्ये नाझींनी त्याला फाशी दिली.

लष्करात थोरल्या मोल्टकेच्या वारशाचा एकच भाग नीट जपला गेला. १८९१ मध्ये जनरल स्टाफची सूत्रे हाती घेतलेल्या श्लीफेनने पश्चिमेला बचाव आणि पूर्वेला चढाई हा विचार उलटवला आणि बेल्जियममार्गे फ्रान्सचा झटपट निकाल लावण्याची कल्पना पुढे आणली. धाकट्या मोल्टकेच्या कारकिर्दीत, १९१३ मध्ये, मुख्य सैन्य पूर्वेकडे नेण्याची पर्यायी योजना दरवर्षी अद्ययावत करण्याचेही थांबवण्यात आले. १ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सम्राट (कैसर) दुसरा विल्हेल्म याला क्षणभर वाटले की फ्रान्सशी युद्ध टळेल, आणि त्याने सारे सैन्य रशियाकडे वळवायला सांगितले. धाकट्या मोल्टकेने उत्तर दिले की लाखो माणसांची हालचाल ऐनवेळी बदलता येत नाही. काकाने १८७० मध्ये मोहिमेच्या मध्यावर दोन सैन्ये उत्तरेला वळवली होती. पुतण्याच्या कचेरीत तोपर्यंत एकाच दिशेचे वेळापत्रक शिल्लक राहिले होते.